कंत्राटी प्रोग्रॅमरचा दर वाचायचा कसा?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक तक्ता फिरतो. डाव्या बाजूला प्रोग्रॅमिंगच्या भाषांची नावं, उजव्या बाजूला कंत्राटी कामाचा दिवसाचा दर. गोव्यात फर्मागुडीला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तसाच एक तक्ता मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘‘मामा, अबॅप शिकू? दिवसाला पाचशे पौंड आहेत.’’ पाचशे पौंडांचे रुपये करून, त्याला तिसांनी गुणून त्याने महिन्याची कमाईसुद्धा काढून ठेवली होती. ती वाचून त्याची आई खूश होती.

तक्ता खोटा नव्हता. पण त्यातला आकडा म्हणजे पगार नव्हे, आणि दर मोठा आहे एवढ्यावरून त्या कामाला मागणीही मोठी आहे असं ठरत नाही. या दोन गोष्टी सुट्या करता आल्या की असा कुठलाही तक्ता वाचता येतो, मग भाषा अबॅप असो, पायथन असो की आणखी कुठली.

आधी, अबॅप म्हणजे काय आणि कंत्राटदार कोण

सॅप ही जर्मनीतली सॉफ्टवेअर कंपनी. आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच जणांनी ती १९७२ साली काढली. मोठ्या कारखान्याची खरेदी, गोदाम, विक्री, हिशोब, पगार हे सगळं एकाच जागी नोंदवणारं सॉफ्टवेअर ती विकते. सॉफ्टवेअर तयार मिळतं, पण प्रत्येक कारखान्याचं काहीतरी वेगळं असतंच. कुणाला चलनावर जास्तीची एक ओळ हवी असते, कुणाला औषधाच्या बॅचप्रमाणे अहवाल. हे बदल ज्या भाषेत लिहितात ती अबॅप. म्हणजे ही भाषा एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेली आहे. त्या सॉफ्टवेअरचं जे होईल तेच तिचंही होणार, हे लक्षात असू द्या.

कंत्राटदार म्हटलं की आपल्याकडे डांबराचे ड्रम डोळ्यांसमोर येतात. इथला कंत्राटदार म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, ठरलेल्या दराने काम करणारा माणूस. आपल्याकडे त्यातही तीन तऱ्हा आहेत आणि बोलताना सगळे एकच शब्द वापरतात. पहिली, व्हेंडर म्हणजे माणसं पुरवणारी कंपनी तुम्हाला स्वतःच्या पगारपत्रकावर घेते आणि दुसऱ्याच्या प्रकल्पावर पाठवते. इथे पीएफ कापला जातो, पगाराची पावती मिळते, फक्त प्रकल्प संपला की नोकरीही संपते. दुसरी, तुम्ही स्वतःच्या नावाने बिल फाडता. तिसरी, सहा महिने कंत्राटावर बघतात आणि पटलं तर कायम करतात. भारतात ‘मी कॉन्ट्रॅक्टवर आहे’ म्हणणारे बरेच जण पहिल्या तऱ्हेचे असतात. तक्त्यातला दर मात्र दुसऱ्या तऱ्हेचा असतो. निम्मा घोटाळा इथेच होतो.

तक्त्यातला आकडा येतो कुठून?

जाहिरातींतून. ‘अमुक कामासाठी माणूस हवा, दिवसाला इतके देऊ’ अशा जाहिराती गोळा करायच्या, दरांची उतरंड लावायची आणि बरोबर मधला दर उचलायचा. या मधल्या दराला मध्यक म्हणतात. सरासरीपेक्षा तो बरा. पाच जणांचे दर पाच, सहा, सात, आठ आणि चाळीस हजार असतील तर सरासरी १३,२०० येते, आणि तेवढं मिळवणारा तिथे एकही माणूस नसतो. मध्यक सात हजार येतो. तो निदान कुणाच्या तरी खिशात पडतो.

पण मध्यकालाही चकवता येतं. समजा पाच जागांचे दर चार, पाच, सात, आठ, नऊ हजार आहेत. मध्यक सात. बाजार थंडावला आणि कंपन्यांनी नवख्यांच्या दोन जागा भरायच्या थांबवल्या. उरले सात, आठ, नऊ. मध्यक झाला आठ. कुणाचाही दर एका रुपयाने वाढला नाही, उलट दोन जागा गेल्या, आणि तक्ता मात्र ‘दरात वाढ’ असं सांगतो! नवख्याने हा तक्ता बघून त्या वाटेला जाणं म्हणजे जे दार नुकतंच लागलं त्याच्यापुढे रांग लावणं. म्हणून मध्यकाच्या शेजारी जाहिरातींची संख्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. दर वर आणि संख्या खाली असेल, तर बाजार आक्रसतोय आणि फक्त जुने-जाणते टिकून आहेत असा संशय घ्यायला जागा आहे.

संख्येतही खोट असतेच. प्रकल्प एका कंपनीचा, तिने काम दिलं मोठ्या आयटी कंपनीला, तिने माणूस शोधायला सांगितलं चार व्हेंडरांना. चौघांनी चार जाहिराती टाकल्या. जागा एक, मोजल्या चार. एकाच दिवशी तीन फोन येतात, तिन्ही ‘अर्जंट रिक्वायरमेंट’चे, आणि बारकाईने विचारलं तर शहर तेच, मुदत तीच, कामाचं वर्णनही शब्दशः तेच. यात आणखी एक पेच आहे. दोन व्हेंडरांनी तुमचा बायोडेटा एकाच जागेसाठी पाठवला, तर नको ती भानगड म्हणून गिऱ्हाईक दोन्ही बायोडेटा बाजूला ठेवू शकतं. फोनवर हो म्हणण्याआधी शेवटचं गिऱ्हाईक कोण, हे विचारून घ्यावं.

आणि जे कंत्राटदार घरी बसलेत, त्यांचा दर तक्त्यात कुठेच नसतो.

दर चढा म्हणजे काम भरपूर?

हे समजायला गोव्यात कुणाला अर्थशास्त्राचं पुस्तक लागू नये. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलरना बंदी असते. त्या दिवसांत पणजीच्या मासळी मार्केटात इसवणाचा भाव ऐकून गिऱ्हाईक पुढे सरकतं. भाव चढलेला असतो कारण मासळी थोडी असते. गोवेकरांनी अचानक जास्त मासे खायला सुरुवात केली असं काही झालेलं नसतं. आता जुलैचा तो भाव बघून कुणी कर्ज काढून ट्रॉलर घ्यायला निघाला तर काय होईल? ट्रॉलर धक्क्याला लागेपर्यंत ऑगस्ट उजाडलेला असेल, सगळेच समुद्रात उतरलेले असतील आणि भाव बसलेला असेल.

एखादी भाषा नीट शिकून, दोन-तीन प्रकल्प पाठीशी घेऊन कंत्राटदार म्हणून उभं राहायला चार-पाच वर्षं लागतात. आज दिसणारा दर आजच्या टंचाईचा आहे. तुम्ही तयार व्हाल तेव्हा टंचाई असेल का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दरात नसतं. ती टंचाई कशामुळे आली, त्यात असतं.

अबॅपची टंचाई कशाची आहे?

मुदतीची. सॅपचं जुनं सॉफ्टवेअर, ज्याला धंद्यात ईसीसी म्हणतात, जगभरच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं चालू आहे. कंपनीने २०१५ साली एस-फोर हाना नावाचं नवं सॉफ्टवेअर आणलं आणि सांगितलं, जुन्याची देखभाल २०२५ पर्यंतच. गिऱ्हाइकं हलेनात. मग फेब्रुवारी २०२० मध्ये ती मुदत २०२७ अखेरपर्यंत वाढवली, आणि जास्तीचे पैसे मोजणाऱ्यांना २०३० अखेरपर्यंत. (मुदत वाढवली तरी आपली माणसं शेवटच्या आठवड्यातच जागी होतात. वीजबिलाच्या रांगेत आणि जर्मन सॉफ्टवेअरच्या बाबतीत माणसाचा स्वभाव सारखाच.)

जुन्यावरून नव्यावर जाणं म्हणजे फाइल इकडची तिकडे टाकणं नव्हे. कारखान्याने स्वतःसाठी लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमची नावं ‘झेड’ किंवा ‘वाय’ने सुरू होतात, म्हणून त्यांना नुसतं ‘झेड प्रोग्रॅम’ म्हणतात. जुन्या मोठ्या कारखान्यात असे हजारो निघतात. ज्याने लिहिले तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.

त्यातला एक बघू. गोदामातल्या मालाची यादी काढणारा साधा प्रोग्रॅम. डेटाबेसमधून नोंदी उचलायच्या आणि त्यातून हवी ती चटकन शोधायची. चटकन शोधण्याची जी पद्धत त्यात वापरली आहे, ती नोंदी क्रमवार लावलेल्या असतील तरच चालते. लिहिणाऱ्याने क्रम लावायची ओळ घातलीच नाही, कारण जुन्या डेटाबेसमधून नोंदी बहुतेक वेळा आपसूक क्रमाने येत. दहा वर्षं कुणाला काही कळलं नाही. नवं सॉफ्टवेअर ज्याच्यावर चालतं तो हाना डेटाबेस तसा क्रम पाळत नाही. प्रोग्रॅम चालतो, लाल रंगात काही दिसत नाही, फक्त यादीतला अर्धा माल गायब असतो. गोदामात माल आहे, पडद्यावर नाही. अशी चूक शोधणं हे काम आहे. दुसरं उदाहरण आणखी साधं: मालाच्या क्रमांकाला आधी १८ अक्षरांची जागा होती, नव्यात ती ४० झाली. ज्या ज्या झेड प्रोग्रॅमने ‘अठराच’ असं गृहीत धरून अक्षरं कापलीत, ते सगळे तपासायचे.

सॅपचीच तपासणीची साधनं अशा जागा दाखवतात. पण दाखवलेल्या हजारो ओळींतली कुठली खरंच दुरुस्त करायची आणि कुठला प्रोग्रॅम कुणी वापरतच नाही म्हणून फेकून द्यायचा, हे अनुभवी माणूस ठरवतो. त्याचा दर चढला आहे. भाषा येणाऱ्या प्रत्येकाचा नव्हे.

म्हणजे टंचाई दोन गोष्टींची: मुदत जवळ आली म्हणून सगळ्यांना एकाच वेळी माणूस हवा, आणि जुनं पाहिलेली माणसं मोजकी. पहिली गोष्ट २०३० च्या आसपास ओसरेल. दुसरी वयाबरोबर आणखी वाढेल, पण तिचा फायदा आज कॉलेजात असलेल्याला नाही.

भारतापुरतं तिसरंही एक कारण आहे, कायदा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, १ ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या कंपन्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, ऑगस्ट २०२३ मध्ये ती सक्ती पाच कोटींच्या उलाढालीपर्यंत खाली आली, २२ सप्टेंबर २०२५ ला कराचे टप्पेच बदलले. दर वेळी बिलाचं सॉफ्टवेअर उघडून बसावं लागलं. अशी कामं थोड्या दिवसांची पण खात्रीची. दिल्ली कर बदलणं सोडणार नाही, तोवर ती येतच राहणार.

रोज आठ हजार, म्हणजे वर्षाला किती?

आठ हजार हा आकडा मी हिशोबासाठी धरलाय. तुमचा दर घालून हेच गणित करा.

भाच्याच्या पद्धतीने आठ हजार गुणिले तीस गुणिले बारा केलं की २८ लाख ८० हजार येतात. आता वर्षाचे ३६५ दिवस घ्या. शनिवार-रविवार १०४ गेले, उरले २६१. राष्ट्रीय सुट्ट्या, दिवाळी, नाताळ, गिऱ्हाइकाच्या ऑफिसला असतील त्या सुट्ट्या असे अकरा दिवस काढा, २५०. चवथीला आपण काम करणार नाही, घरात एखादं लग्न असणार, कधी ताप येणार. त्याचे पंधरा, उरले २३५. कंत्राटदाराला या कुठल्याच दिवसाचे पैसे मिळत नाहीत. नोकरदाराच्या चवथीला पगार असतो, कंत्राटदाराच्या चवथीला नसतो.

एवढं सगळे धरतात. जे धरत नाहीत ते पुढे आहे. एक कंत्राट संपून दुसरं लागेपर्यंतचे रिकामे दिवस. मुलाखती, व्हेंडरचे फोन, कागदपत्रांची तपासणी, लॅपटॉप पोहोचायला आठवडा. वर्षातले ४५ कामाचे दिवस यात गेले असं धरलं तर उरतात १९०. गुणिले आठ हजार, १५ लाख २० हजार. भाच्याच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडे जास्त.

यातून आरोग्य विमा स्वतःचा, लॅपटॉप स्वतःचा, पावसाळ्यात वीज जाते म्हणून इन्व्हर्टर आणि दुसरं इंटरनेट, सीएची फी. याचे लाख-सव्वा लाख धरा. उरले चौदा लाख. पीएफमध्ये कंपनीचा वाटा नाही, ग्रॅच्युइटी नाही. म्हणून हे चौदा लाख नोकरदाराच्या हातात पडणाऱ्या पगाराशी ताडून बघू नका. ते ताडायचे त्याच्या सीटीसीशी, म्हणजे कंपनीला तो वर्षाला कितीला पडतो त्या आकड्याशी, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरलेली असते.

त्या ४५ दिवसांवर सगळं उभं आहे. दर दहा टक्क्यांनी वाढवून घ्यायला माणूस जिवाचा आटापिटा करतो. कंत्राटांमधले रिकामे दिवस एकोणीसने कमी केले तरी कमाई तेवढीच वाढते. म्हणून जुने कंत्राटदार थोड्या कमी दरावर लांब मुदतीचं काम पकडतात, आणि त्यांना कुणी भोळे म्हणू नये.

‘पण कर कमी लागतो ना?’

लागतो, आणि हा फायदा खरा आहे. स्वतःच्या नावाने बिल करणाऱ्या तांत्रिक सल्लागाराला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांच्या आत), तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो आणि खर्चाच्या पावत्या सांभाळत बसावं लागत नाही. वरच्या उदाहरणात उत्पन्न ७ लाख ६० हजार धरलं जाईल. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्याने कर शून्यावर येतो. नोकरदाराला चौदा लाखांवर सहसा तसं जमत नाही.

पण दोन ठिकाणी पाय अडकतो. बिलाचे पैसे देताना कंपनी टीडीएस कापून घेते, व्यावसायिक फी म्हणून कापला तर दहा टक्के. तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरल्यानंतर. तोवर तुमचे पैसे सरकारकडे. आणि विवरणपत्रात सात लाख साठ हजार दाखवलेत, तर गृहकर्ज देताना बँक त्याच आकड्याकडे बघते. मडगावात फ्लॅट बघून आल्यावर हे कळणारे पुष्कळ आहेत.

जीएसटीचं थोडक्यात: सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी, बिलावर १८ टक्के. ते पैसे तुमचे नव्हेत, सरकारचे. बिलाची एकूण रक्कम बघून हुरळू नका. परदेशी गिऱ्हाइकाला थेट सेवा दिली तर ती निर्यात धरतात आणि हमीपत्र भरून कर न लावता बिल करता येतं, मात्र २० लाखांची मर्यादा मोजताना ती उलाढालही धरतात.

‘मग मला पाचशे पौंड का नाहीत?’

तक्ता ब्रिटनचा होता. तिथला दर तिथे काम करायचा परवाना असलेल्या माणसाचा. त्यालाही पाचशे पूर्ण मिळतात असं नाही. तिथे २००० सालापासून आयआर-३५ नावाचा नियम आहे: कंत्राटदार म्हणवणारा माणूस प्रत्यक्षात नोकरासारखाच राबत असेल, तर त्याने करही नोकरासारखाच भरायचा. एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या मोठ्या आणि मध्यम कंपन्यांत हे कंपनीनेच ठरवायचं असतं. म्हणून तिथल्या जाहिरातीत दरापुढे ‘नियमाच्या आत’ की ‘बाहेर’ हे लिहिलेलं असतं. ‘आत’च्या पाचशेतून मालकाचा सामाजिक सुरक्षेचा हिस्साही बहुतेक वेळा कापला जातो. पाचशे आणि पाचशे सारखे नसतात.

तेच काम फोंड्यात बसून केलं तर गिऱ्हाईक भारतातला दर देतं, आणि मधे दोन-तीन व्हेंडर असतील तर प्रत्येकाचा वाटा त्यातूनच निघतो. शेवटचं गिऱ्हाईक किती देतं आणि तुम्हाला किती मिळतात यातलं अंतर विचारून कळत नाही. साखळीत किती दुवे आहेत, ते मात्र विचारता येतं, आणि जितके कमी तितकं बरं.

गोव्यात या प्रश्नाला एक शेपूट असतंच: ‘आमच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्याचं काय?’ १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या कुटुंबांतून पुष्कळांनी तो घेतला आणि स्विंडनसारख्या शहरांत गोवेकरांच्या वस्त्या झाल्या. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर नुसत्या त्या पासपोर्टवर तिथे नव्याने कामाला जाता येत नाही. जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम मात्र खुले आहेत, आणि अबॅपचं माहेर जर्मनीच. तिथला दर तिथे राहून मिळवता येईल. त्यासाठी बऱ्याच प्रकल्पांत जर्मन बोलता यावं लागतं, खोट्या स्वयंरोजगारावर, म्हणजे नोकरासारखं राबून कंत्राटदार म्हणवण्यावर, तिथेही कडक नजर असते, आणि भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं. दोन्ही पासपोर्ट ठेवायची मुभा भारत देत नाही. ही किंमत कुठल्याच दरपत्रकात लिहिलेली नसते.

‘घरी राहून करता येईल?’

काही कामं येतील. पण गोव्यातल्या गोव्यात या भाषेची मागणी थोडी आहे. वेर्णा, कुंडईसारख्या वसाहतींतल्या कारखान्यांत असं सॉफ्टवेअर असलं, तरी ते सांभाळणारे लोक बहुतेक वेळा मुख्य कार्यालयात, म्हणजे मुंबई-पुण्याकडे किंवा आणखी लांब बसतात. प्रकल्प पुणे, बंगळुरू, हैदराबादचे. महासाथीच्या काळात सगळं घरून चाललं. आता जाहिरातीत ‘आठवड्याचे तीन दिवस ऑफिस’ असतं आणि पुण्यात खोलीचं भाडं दरातून वजा करावं लागतं. पूर्ण घरून असलेल्या जागेसाठी देशभरातून अर्ज पडतात, म्हणून तिथे दर थोडा खालीच असतो. आसगाव-शिवोलीत लॅपटॉप घेऊन बसलेली बाहेरची मंडळी बघून गोव्यात काम वाढलं असं वाटू शकतं, पण ती आपलं काम घेऊन आलेली असतात. इथे जागा निघालेल्या नाहीत.

‘एआय आलंय, अबॅप लिहिणार कोण?’

लिहायचं काम कमी होईल, ते होतंच आहे. सॅपने स्वतः आपल्या साधनांत एआय घातलं आहे. शिवाय कंपनी गिऱ्हाइकांना सांगते आहे की मूळ सॉफ्टवेअरला हात लावू नका, स्वतःचे बदल बाहेर वेगळे ठेवा. म्हणजे झेड प्रोग्रॅम नव्याने लिहायचे दिवसच सरत आले.

माझ्या मते नवख्यांचा दर यामुळे खाली येईल आणि जुन्यांचा काही वर्षं टिकेल. एआयला क्रम लावायची ती विसरलेली ओळ दोन सेकंदांत सापडते. हा अहवाल दर महिन्याच्या पाच तारखेला अकाउंट्समधल्या बाई काढतात आणि त्यातला तिसरा रकाना त्या मुद्दाम रिकामा ठेवायला लावतात, कारण ऑडिटरने कधीकाळी तसं सांगितलं होतं, हे त्याला कुठे लिहून ठेवलेलं सापडत नाही. बाईंना विचारावं लागतं. म्हणून ज्याला या वाटेने जायचंय त्याने भाषेइतकाच हिशोब शिकावा: खरेदी कशी नोंदवतात, माल कधी कुणाच्या खाती पडतो, जीएसटीचा परतावा कसा मिळतो. धंद्यात याला ‘फंक्शनल’ बाजू म्हणतात. घरात दुकान असलेल्या मुलाला ती इंजिनिअरपेक्षा लवकर कळते, असं मी पाहिलंय.

भाच्याला मी अबॅप शिकू नको म्हटलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं कंत्राटावर जाऊ नको, जिथे कारखान्याच्या माणसांशी बोलायला मिळेल अशी नोकरी धर, पगार थोडा कमी असला तरी, असं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘बघतो मामा.’’ म्हणजे पायथन.

सहीआधी करारात काय बघायचं

दर सोडून चार ठिकाणी बोट ठेवा. करार मोडायची मुदत बघा. तुम्हाला तीस दिवस आणि त्यांना सात, असा मजकूर बऱ्याचदा असतो. निदान सारखी मुदत मागा. कामाच्या तासांचा तक्ता, म्हणजे टाइमशीट, कोण मंजूर करणार त्याचं नाव करारात असू द्या, कारण तो साहेब सुट्टीवर गेला की बिल अडकतं. ‘गिऱ्हाइकाने आम्हाला पैसे दिल्यावर आम्ही तुम्हाला देऊ’ असं वाक्य असेल तर ते काढायला लावा.

चौथं, पैसे किती दिवसांत. साठ, नव्वद दिवस लिहून आणतात. स्वतःच्या नावाने बिल करत असाल तर उद्यम नोंदणी करून घ्या. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षी कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवताही येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवालेच फोन करून विचारतात, तुमचा उद्यम नंबर काय. नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅन लागतो. पहिलं बिल फाडायच्या आधी केलेली बरी, कारण नोंदणीच्या आधीच्या बिलांवर हा हक्क सांगायला गेलात तर वाद घालत बसावं लागतं.